टेम्सच्या काठाने, तुकड्या-तुकड्यांनी : हॅम्प्टन कोर्ट ते पटनी

‘मुलाकडे तीन महिने आलो आहोत. राजवाडा, मोठं घड्याळ, टॉवर ब्रिज सगळं पहिल्या दोन आठवड्यांत पाहून झालं. मुलगा-सून कामावर जातात, नातू शाळेत. दिवसभर घरात बसून काय करायचं?’ लंडनला आलेल्या आई-वडिलांकडून दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो. त्यावर मी टेम्सकाठी चालायला सुचवलं की पाठोपाठ शंका येतात. तिथे तिकीट लागतं का? ती वाट खाजगी बंगल्यांच्या मागून जाते, कोणी हटकलं तर? अठ्ठावीस किलोमीटर या वयात कसे जमणार? कोणत्या काठाने जायचं?

या शंकांची उत्तरं एकदाच नीट मांडावीत म्हणून हा लेख. मुख्य गोष्ट आधी सांगते. लंडनच्या पश्चिम उपनगरांतून जाणारी ही नदीकाठची वाट फुकट आहे आणि ती एका दिवसात संपवायची नाही. सहा तुकडे करा, आठवड्याला एक चाला. दर तुकड्याच्या शेवटी घरी परतायला रेल्वे किंवा बस आहे. मात्र कोणता तुकडा कोणत्या दिवशी चालायचा हे नकाशा पाहून ठरवू नका, भरती-ओहोटी पाहून ठरवा. हे बहुतेकांना ठाऊक नसतं आणि फजिती होते ती त्यामुळेच.

ही वाट नेमकी कोणती?

‘टेम्स पाथ’ हा इंग्लंडचा राष्ट्रीय पदमार्ग आहे. नदीच्या उगमापासून लंडनच्या पूर्वेकडच्या पूरबंधाऱ्यापर्यंत तो जवळजवळ ३०० किलोमीटर जातो. १९९६ साली तो रीतसर खुला झाला, पण त्याचे कितीतरी भाग शेकडो वर्षांचे जुने आहेत. काठावरून घोडे दोर लावून होड्या ओढत, त्यांच्या पायाखालची ही वाट. म्हणूनच ती बहुतेक ठिकाणी सपाट आहे आणि पाण्याला लागून आहे. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना याहून सोयीची वाट लंडनमध्ये मला तरी सापडलेली नाही.

खुणेसाठी खांबांवर ओकच्या झाडाचं फळ रंगवलेलं असतं. टोपी घातलेल्या सुपारीसारखं ते दिसतं. वाट फुटते तिथे ती खूण शोधा.

सहा तुकडे

अंतरं ढोबळ आहेत. आपल्या चालीने, थांबत-बसत, तासाला तीन किलोमीटर धरा.

- हॅम्प्टन कोर्ट ते किंग्स्टन : ५ किलोमीटर. सरळ आणि मोकळी वाट. मध्ये बाहेर पडायला रस्ता नाही, दुकान नाही, स्वच्छतागृहही नाही.
- किंग्स्टन ते टेडिंग्टन लॉक : ३ किलोमीटर. सर्वांत सोपा तुकडा, सुरुवात इथूनच करा.
- टेडिंग्टन लॉक ते रिचमंड : ५ किलोमीटर. सर्वांत सुंदर. खडीची वाट, पावसानंतर चिखल.
- रिचमंड ते क्यू ब्रिज : ५ किलोमीटर. एका बाजूला क्यू उद्यान, दुसऱ्या बाजूला नदी.
- क्यू ब्रिज ते हॅमरस्मिथ : ७ किलोमीटर किंवा थोडं जास्त. जुनी घरं पाहायची असतील तर हा.
- हॅमरस्मिथ ते पटनी : ३ किलोमीटर. संध्याकाळी सहज होतो.

टेडिंग्टनच्या पुढे दोन्ही काठांनी वाट आहे. त्याआधी मात्र एकाच काठाने जावं लागतं. हॅम्प्टन कोर्टपासून उत्तरेच्या काठाने किंग्स्टनचा पूल गाठायचा, पूल ओलांडायचा आणि डावीकडे वळायचं. पहिल्यांदा जाणारे पूल ओलांडायला विसरतात आणि भलत्याच रस्त्याला लागतात.

हॅम्प्टन कोर्ट : राजवाडा आतून पाहायचा की बाहेरून?

वॉटर्लू स्थानकावरून हॅम्प्टन कोर्टची गाडी मिळते. स्थानक नदीच्या दक्षिणेला आहे. समोरच्या पुलावरून पलीकडे गेलात की उजवीकडे राजवाडा. हा पूल १९३३चा, आणि त्याची रचना एडविन लट्येन्स यांची. नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन उभारणारे तेच हे.

राजवाडा कार्डिनल वुल्झी यांनी १५१४च्या सुमारास घेतलेल्या जागेवर उभा राहिला. पुढे आठव्या हेन्रीने तो आपल्याकडे घेतला. त्याच्या काळातला विटांचा भव्य दरवाजा आणि मोठाली स्वयंपाकघरं एका बाजूला, आणि १६८९ नंतर क्रिस्टोफर रेन यांनी तिसऱ्या विल्यमसाठी बांधलेला भाग दुसऱ्या बाजूला, असे दोन राजवाडे एकाला एक चिकटले आहेत. आतलं पाहायला अर्धा दिवस लागतो आणि तिकीट महाग आहे. म्हणून माझा सल्ला असा की राजवाडा आणि चालणं एका दिवसात कोंबू नका. आत फिरून पाय दुखले की नदीकाठचे पाच किलोमीटर शिक्षा वाटतात, आणि मध्ये सोडून देण्याची सोय नाही. राजवाडा एका दिवशी, वाट दुसऱ्या दिवशी.

बाहेरूनही बरंच दिसतं. काठाने थोडं पुढे गेलात की डावीकडे राजवाड्याच्या बागेला घातलेली घडीव लोखंडाची जाळी दिसते. झां तिजू या फ्रेंच कारागिराचं हे काम तीनशे वर्षांहून जुनं आहे. जाळीतून थेट बाग आणि तिच्यामागे राजवाडा दिसतो. त्याला तिकीट नाही.

आणखी एक घर आवर्जून पाहा. पूल ओलांडल्यावर राजवाड्याकडे न वळता समोरच्या हिरवळीच्या कडेने पाच मिनिटं गेलात की फॅराडे हाउस लागतं. शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांचं अखेरचं घर हेच. पुढे व्हिक्टोरिया राणीने ते महाराजा रणजितसिंहांच्या नातींना राहायला दिलं. त्यांतली सोफिया दुलीपसिंह स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढली. ‘मत नाही तर कर नाही’ म्हणून तिने कर भरायचं नाकारलं, तेव्हा तिचे दागिने जप्त झाले. आणि १९१३ साली ती याच राजवाड्याच्या दाराशी उभी राहून चळवळीचं वृत्तपत्र विकत होती. राणीच्या मेहेरबानीच्या घरात राहून एवढं धाडस दाखवायला काय काळीज लागलं असेल! घर आतून पाहता येत नाही. भिंतीवर २०२३ साली लावलेली निळी पाटी तेवढी पाहायची.

किंग्स्टन ते टेडिंग्टन : पहिल्या दिवसासाठी

१७२९ साली पटनीला पूल झाला, तोवर लंडन ब्रिजच्या वर नदी ओलांडायला पहिला पूल हा किंग्स्टनचाच होता. गावाला महत्त्व आलं ते त्यामुळे. नगरपालिकेच्या इमारतीशेजारी कठड्याच्या आत एक ओबडधोबड दगड आहे. दहाव्या शतकात सॅक्सन राजांचा अभिषेक या दगडावर झाला अशी परंपरा आहे. दुकानांच्या गर्दीत तो कोणाच्या लक्षात येत नाही, पण नदीपासून पाचच मिनिटांवर आहे.

इथून टेडिंग्टनपर्यंत बागेतून जाणारी पक्की वाट आहे. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन जायचं असेल तर हाच तुकडा निवडा.

टेडिंग्टन लॉक म्हणजे पाण्याचा जिना. खालच्या आणि वरच्या पाण्याच्या पातळीत फरक असतो. होडी दोन दारांच्या मध्ये कोंडायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि ती पलीकडे काढायची. नातवाला घेऊन जा, अर्धा तास सहज जाईल. समुद्राची भरती इथपर्यंत येते आणि इथेच थांबते. १९४० साली डंकर्कला अडकलेलं सैन्य आणायला ज्या छोट्या होड्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी इथल्या गोदीत गोळा झाल्या होत्या.

भरती-ओहोटीचं गणित : हे वगळू नका

टेडिंग्टनच्या खाली टेम्स ही खाडी आहे असंच समजा. दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण येतं, हे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. उधाणाच्या दिवसांत ट्विकनहॅमचा घाट, रिचमंडचा काठ, स्ट्रँड-ऑन-द-ग्रीन, चिझिक मॉल आणि पटनीचा होड्यांचा उतार इथे पाणी थेट वाटेवर, रस्त्यावर येतं. उभ्या केलेल्या मोटारी चाकांपर्यंत बुडतात. हे पुरासारखं धोक्याचं नसतं, पाणी तास-दीड तासात ओसरतं. पण तुम्ही त्याच वेळी तिथे असाल तर अडकाल.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित इथे चालत नाही. लंडनला उधाणाची भरती साधारणपणे दुपारी आणि रात्री दोन ते चारच्या सुमारास येते, आणि रिचमंडला त्यानंतर सुमारे तासाभराने. म्हणजे नेमकं जेवून-खाऊन फिरायला निघायच्या वेळी. म्हणून असं करा:

1. घरातल्या मराठी दिनदर्शिकेत तिथी पाहा. अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ असेल तर रिचमंड, चिझिक आणि पटनीचे तुकडे सकाळी उरका किंवा पुढच्या आठवड्यावर टाका. त्या दिवशी किंग्स्टनचा तुकडा घ्या, तिथे भरती पोहोचत नाही.
2. नक्की वेळेसाठी लंडन बंदर प्राधिकरणाचं भरतीचं वेळापत्रक मुलाला फोनवर काढून द्यायला सांगा. त्यात ‘रिचमंड’ची वेळ बघा.
3. वाटेवर पाणी दिसलं तर बूट काढून त्यातून जाऊ नका. वाट कुठे संपते आणि घसरता उतार कुठे सुरू होतो ते पाण्याखाली दिसत नाही. बाकावर बसा, पाणी ओसरू द्या, नाहीतर मागे फिरून रस्त्याने जा.
4. ओहोटीला उघड्या पडलेल्या पात्रात उतरू नका. चिखल खोल असतो आणि पाणी वाटतं त्यापेक्षा लवकर चढतं.

रिचमंडला १८९४ साली बांधलेला एक बंधारा आहे. त्याची दारं अर्ध्या ओहोटीला खाली सोडतात, म्हणून रिचमंड ते टेडिंग्टन नदी कधी कोरडी पडत नाही. वर्षातून एकदा, पावसाळी थंडीच्या तोंडाशी, दुरुस्तीसाठी ती दारं काही आठवडे उचलून ठेवतात. त्या काळात ओहोटीला पात्र जवळजवळ उघडं पडतं. तुम्ही नोव्हेंबरात तिथे असाल आणि ‘नदी कुठे गेली?’ असं वाटलं तर घाबरू नका.

टेडिंग्टन ते रिचमंड : एकच दिवस असेल तर हाच

ज्यांना एकदाच वेळ आहे त्यांनी हा तुकडा घ्यावा. दक्षिणेच्या काठाने चाला. सुरुवातीला झाडी, मग उजवीकडे हॅम हाउस. १६१० साली बांधलेलं हे घर लॉडरडेलच्या डचेसने सजवलं आणि त्यातलं कितीतरी सामान सतराव्या शतकापासून तिथेच आहे. नॅशनल ट्रस्टकडे त्याचा कारभार आहे, आत जायला तिकीट लागतं.

हॅम हाउससमोर एक लहान होडी माणसांना पलीकडे सोडते. या होडीची गोष्ट मला फार आवडते. १९०९ साली वॉल्टर हॅमर्टन नावाच्या नावाड्याने एका पेनीत माणसं पलीकडे न्यायला सुरुवात केली. जवळच दुसरी होडी होती आणि तिचा हक्क हॅमच्या उमरावांशी जोडलेला होता. त्यांनी हॅमर्टनवर दावा लावला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९१५ साली निकाल नावाड्याच्या बाजूने लागला. होडी अजून त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती हंगामी आहे, त्यामुळे निघण्याआधी ती चालू आहे का ते बघा.

होडीने पलीकडे गेलात तर तीन ठिकाणं ओळीने मिळतात. पहिलं मार्बल हिल. दुसऱ्या जॉर्ज राजाच्या मर्जीतली हेन्रिएटा हॉवर्ड हिने १७२०च्या दशकात स्वतःसाठी बांधलेलं पांढरं, नीटस घर. दुसरं ऑर्लिन्स हाउसचा अष्टकोनी दिवाणखाना, १७२०च्या सुमाराचा, वास्तुविशारद जेम्स गिब्ज. तिसरं यॉर्क हाउस, आणि मराठी माणसाने, विशेषतः मुंबईकराने, ते चुकवू नये. १९०६ साली हे घर सर रतन टाटांनी विकत घेतलं. जमशेदजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ साली वारलेले हे रतन टाटा. नदीलगतच्या बागेतल्या कारंज्यावर संगमरवरी जलकन्यांचा एक मोठा शिल्पसमूह आहे, तो त्यांनीच इथे बसवला. मूळ मालकाचं दिवाळं निघून त्याचा शेवट झाल्यावर ही शिल्पं विक्रीला आली होती. बाग आता नगरपालिकेची आहे आणि फुकट पाहता येते. रतन टाटांनी जमवलेल्या चित्रांचा आणि कलावस्तूंचा मोठा भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तुम्ही ती दालनं पाहिली असतील. त्या संग्रहाचा मालक याच काठावर राहत होता हे आठवून इथे थोडं थांबा.

परत होडीने अलीकडे या आणि पुढे चाला. पीटरशॅमच्या कुरणात गाई चरताना दिसतील, त्यांच्यावर रिचमंडची टेकडी. राजधानीत असा देखावा शिल्लक कसा राहिला? मार्बल हिलची जमीन घरं बांधायला जाणार अशी वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवला आणि १९०२ साली टेकडीवरून दिसणारा हा देखावा राखण्यासाठी संसदेने कायदा केला. एका दृश्यासाठी कायदा! आपल्या नद्यांच्या काठी उभ्या राहिलेल्या भिंती पाहिल्या की हे मला प्रत्येक वेळी आठवतं आणि टोचतं.

रिचमंड ते क्यू

रिचमंडचा पूल १७७७चा, शहरातल्या टेम्सवरच्या आज उभ्या असलेल्या पुलांत सर्वांत जुना. थोडं पुढे, नदीपासून आत, जुन्या राजवाड्याचा दरवाजा उरला आहे. पहिली एलिझाबेथ १६०३ साली याच राजवाड्यात वारली.

बंधारा मागे टाकल्यावर वाट एकाकी होते. बंधाऱ्यापासून क्यूपर्यंत उजवीकडे गोल्फचं मैदान आणि उद्यानाचा खंदक आहे, बाहेर पडता येत नाही. स्वच्छतागृहाला रिचमंडलाच जाऊन घ्या. पलीकडच्या काठावर सायन हाउस दिसेल, छतावर सिंह आहे ते. पंधराव्या शतकात तिथे जोगिणींचा मठ होता.

क्यू उद्यानात जायचं असेल तर नदीकडून ब्रेंटफर्ड दरवाजा आहे, मुख्य दाराला वळसा घालायची गरज नाही. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. आत मेरियान नॉर्थ यांचं दालन चुकवू नका. एकट्याने जगभर हिंडून त्यांनी झाडाफुलांची आठशेहून अधिक चित्रं काढली, त्यांत हिंदुस्थानातलीही आहेत.

क्यू ते पटनी : काठ कोणता घ्यावा?

झाडी हवी असेल तर दक्षिण, घरं हवी असतील तर उत्तर. मला दोन्ही हवी असतात, म्हणून मी अशी जाते: क्यूपासून दक्षिणेने मॉर्टलेक, तिथून बार्न्स ब्रिज. या रेल्वेपुलाला लागून पायवाट आहे. पायऱ्या आहेत, चढता येतील ना ते बघा. तिने उत्तरेला जायचं आणि पुढे चिझिक मॉल, हॅमरस्मिथ.

मॉर्टलेकला नदीपासून थोडं आत सेंट मेरी मॅग्डलेन चर्चच्या आवारात तंबूच्या आकाराची दगडी समाधी आहे. ती रिचर्ड बर्टनची. अरबी कथांचा अनुवादक म्हणून तो प्रसिद्ध असला तरी त्याची सुरुवात १८४२ साली मुंबई लष्करात झाली. तिथे त्याने ज्या भाषा शिकून घेतल्या त्यांत मराठीही होती, आणि गोव्यावर त्याचं पुस्तक आहे. समाधीच्या मागे शिडी आहे, वरच्या काचेतून आतल्या दोन शवपेट्या दिसतात. ज्यांना असं पाहणं नको वाटतं त्यांनी पुढूनच नमस्कार करावा.

चिझिकला सेंट निकोलस चर्चच्या आवारात चित्रकार हॉगार्थची समाधी आहे, आणि पुढे चिझिक मॉलवर नदीकडे तोंड केलेली जुनी घरं. इथे घरं रस्त्याच्या एका बाजूला आणि त्यांच्या बागा दुसऱ्या, पाण्याच्या बाजूला आहेत. बागेची फाटकं उघडी दिसली तरी आत शिरू नका. हॅमरस्मिथला केल्म्स्कॉट हाउस, विल्यम मॉरिस १८७८पासून मरेपर्यंत तिथे राहिले. तळघरातलं छोटं संग्रहालय ठराविक दिवशीच उघडं असतं.

हॅमरस्मिथचा झुलता पूल १८८७चा. त्याला तडे गेल्याने २०१९पासून तो मोटारींसाठी बंद आहे, पण पायी जाणाऱ्यांना जाता येतं. पटनीला पोहोचलात की पुलाच्या टोकाशी सेंट मेरी चर्च आहे. १६४७च्या शरद ऋतूत संसदेच्या सैन्यातले साधे शिपाई आणि त्यांचे अधिकारी इथे बसून वाद घालत होते की मत देण्याचा हक्क मालमत्ता असलेल्यांनाच की सर्वांना? चर्चमध्ये त्याची माहिती मांडलेली आहे. ती वाचताना हॅम्प्टन कोर्टच्या दाराशी वृत्तपत्र विकणारी सोफिया डोळ्यांपुढे येतेच.

तुमचे हक्क

- सार्वजनिक पायवाटेवर चालायला, थांबायला, बाकावर बसून डबा खायला कोणाची परवानगी लागत नाही. वाट बंगल्याच्या कुंपणाला लागून असली तरी संकोच करू नका. खांबावर पायवाटेची पाटी असेल तर तुम्ही योग्य जागी आहात.
- काही नव्या इमारतींसमोरची वाट मालकाच्या संमतीने खुली असते, ती रात्री बंद होऊ शकते. तशी पाटी तिथे असते.
- पायी आणि सायकलची वाट एकच असेल तिथे सायकलवाल्याने तुम्हाला वाट द्यायची असा वाहतूक नियम आहे. घाबरून बाजूच्या झुडपात शिरू नका. तिथे अंग भाजल्यासारखी आग करणारी एक वनस्पती मुबलक असते. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घाला.
- ऑगस्ट-सप्टेंबरात काठावर रानटी ब्लॅकबेरी पिकतात. स्वतः खायला त्या तोडायला कायद्याची आडकाठी नाही. विकायला मात्र तोडता येत नाहीत.
- ओहोटीला पात्रातल्या जुन्या वस्तू शोधायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. नातवंडांना आधीच सांगा.
- रिचमंड भागात काही दुकानं आणि उपाहारगृहं काही विकत न घेताही स्वच्छतागृह वापरू देतात. काचेवर तसा कागद चिकटवलेला असतो. निःसंकोच आत जा.

नेहमी होणाऱ्या चुका

ज्येष्ठांचा फुकट प्रवासाचा पास फक्त लंडनच्या रहिवाशांना मिळतो. मुलाच्या पत्त्यावर राहता म्हणून तो पाहुण्यांना मिळत नाही. त्यासाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. बँकेचं कार्ड टेकवून चालतं, पण दोघांना दोन कार्डं लागतात, आणि रेल्वेत चढताना ज्या कार्डाने टेकवलं त्यानेच उतरताना टेकवा. कार्ड एकदा आणि फोन एकदा असं केलंत तर दोन अपुरे प्रवास धरून जास्त पैसे कापले जातात. आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघा, भाडं कमी पडतं.

हिवाळ्यात आलात तर डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, आणि काठाच्या झाडीत दिवे नसतात. अकराला निघा, दोनपर्यंत परता. जूनमध्ये उलट आहे, रात्री नऊ वाजले तरी उजेड असतो. जेवूनसुद्धा निघता येईल.

निर्माल्य, दिवे, नाणी नदीत सोडू नका. हात आपसूक पुढे होतो हे मला माहीत आहे, पण इथे तो कचरा धरला जातो. नमस्कार करा आणि निर्माल्य घरी आणून झाडांना घाला.

शाकाहारींनी शिदोरी बरोबर न्यावी. वाटेवरच्या पबमध्ये शाकाहारी पदार्थ मिळतात, पण बटाट्याचे काप मासे तळलेल्या तेलातच तळले आहेत का ते विचारावं. ज्यांच्याकडे मद्यविक्रीचा परवाना आहे त्यांना ग्राहकाने मागितल्यास नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं.

काही अडलं तर

कोणी पाण्यात पडलेलं दिसलं तर मागे उडी मारू नका. ९९९ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. नदी असली तरी टेडिंग्टनच्या खालच्या भागाची जबाबदारी त्यांची आहे. जीवरक्षक होड्यांची ठाणी टेडिंग्टनला आणि चिझिकला आहेत. आपण कुठे आहोत हे सांगायला जवळच्या पुलाचं नाव पुरतं, म्हणून पूल मागे पडला की त्याचं नाव मनात ठेवायची सवय लावा. पाय मुरगळला किंवा छातीत दुखलं तरी ९९९च. तातडीच्या विभागात तपासणीला पाहुण्यांनाही पैसे पडत नाहीत, पण दाखल करून घेतलं तर बिल येतं. प्रवास विम्याच्या कागदाचा फोटो फोनमध्ये असू द्या.

वाट कोणी अडवली असेल, फाटकाला कुलूप असेल, पाटी मोडली असेल तर त्या भागाच्या नगरपालिकेला कळवता येतं. किंग्स्टन, रिचमंड, हाउन्सलो, हॅमरस्मिथ-फुलम आणि वाँड्सवर्थ अशा पाच पालिकांच्या हद्दीतून हे सहा तुकडे जातात. फोटो काढा, जवळच्या खांबावरचं नाव टिपा आणि पालिकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. त्यासाठी तिथले नागरिक असण्याची गरज नाही.

पहिल्या दिवशी किंग्स्टन ते टेडिंग्टन. लॉकपाशी पादचारी पूल ओलांडून टेडिंग्टनच्या बाजूला उतरलात की पंधरा-वीस मिनिटांवर रेल्वे स्थानक आहे, आणि तिथून वॉटर्लूला परत जाणारी गाडी मिळते.